शिआनच्या सम्राटांच्या कबरी नीट कशा बघायच्या: टेराकोटा आर्मीच्या पुढचं सगळं

चीनला जाणारी आपली बहुतेक मंडळी शिआनला एक रात्र थांबतात, सकाळी टेराकोटा आर्मी (चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेली मातीच्या सैनिकांची फौज), दुपारी सिल्कचं नाहीतर जेडचं दुकान आणि संध्याकाळच्या ट्रेनने बेजिंग. टूरवाल्यांचे प्रोग्राम असेच असतात. माझं म्हणणं आहे की एवढ्या लांब जाताय तर इथं पूर्ण तीन दिवस काढा आणि कबरी काळाच्या क्रमानं बघा, आधी छिन घराणं, मग हान, मग थांग. म्हणजे इ.स.पू. २१० पासून इ.स. ७०६ पर्यंत राजांच्या डोक्यात मरणाबद्दल काय काय चाललं होतं ते एकामागून एक डोळ्यासमोर येतं, आणि टेराकोटा आर्मीसुद्धा जास्त चांगली कळते. शिआन म्हणजे जुनं चांगआन. वेइ नदीच्या दोन्ही बाजूंना पश्चिमी हान घराण्याच्या ११ सम्राटांच्या कबरी आणि थांग घराण्याच्या १८ कबरी आहेत, त्यातल्या बहुतेक नुसत्या शेतातल्या टेकड्या वाटतात. सगळ्या बघायची गरज नाही, तीन बघा, जमलं तर चौथी.

आधी घरी बसून करायची कामं

व्हिसा लागतोच, मुंबईत चिनी व्हिसा सेंटर आहे, नियम बदलत असतात म्हणून फॉर्म भरायच्या आधी त्यांची साइट बघून घ्या. मुंबईहून शिआनला थेट जायची सोय नाही असंच धरून चाला, बँकॉक, क्वालालंपूर, हाँगकाँग यापैकी कुठून तरी बदलून जावं लागतं, किंवा बेजिंगला उतरून हायस्पीड ट्रेन, साधारण पाच तास, आणि ती ट्रेन मला विमानापेक्षा बरी वाटते कारण स्टेशनवर फार आधी पोचावं लागत नाही. देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर एक गोष्ट आवर्जून तपासा, चीनमध्ये २०२५ च्या जूनपासून तिथल्या ३सी (सुरक्षा प्रमाणपत्राच्या) खुणेशिवायची पॉवर बँक डोमेस्टिक फ्लाइटमध्ये नेऊ देत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच पॉवर बँकांवर ती खूण नसते, सिक्युरिटीला काढून घेतात.

पासपोर्ट. सगळं पासपोर्टवर चालतं. कबरीचं तिकीट, ट्रेन, हॉटेल, म्युझियम, सगळीकडे ओरिजिनल पासपोर्ट जवळ पाहिजे, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालत नाही. आणि बुकिंग करताना नाव अगदी पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्यात पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते गाळू नका, आडनाव कुठल्या रकान्यात ते पण नीट बघा. नंबर दोनदा तपासा, कारण गेटवर खरं तर नंबरच बघतात.

पैसे. अलीपे हे तिथलं पैसे भरायचं ॲप भारतातूनच डाउनलोड करून त्यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवा, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे इंटरनॅशनल व्यवहार चालू केलेत का ते बघा (हे विसरलं की तिथं ओटीपीसाठी धावपळ होते). मेट्रो, टॅक्सी, रस्त्यावरची भाजलेली रताळी, सगळं त्या एका क्यूआर कोडवर होतं. विचॅट पण टाकून ठेवा, एक अडलं तर दुसरं चालतं. थोडे रोख युआन जवळ असू द्यात, वयस्कर माणसं सोबत असतील तर त्यांच्या खिशातही थोडे द्या.

इंटरनेट. गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब तिथल्या वायफायवर चालत नाही. भारतातल्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं की चालतं, कारण डेटा आपल्या कंपनीमार्फत जातो. नकाशासाठी गूगल मॅप्सवर विसंबू नका, अलीपेमधूनच दीदी टॅक्सी बोलावता येते, आणि हॉटेलचा पत्ता, तिन्ही कबरींची नावं, "मी मांस-मासे खात नाही" हे वाक्य, एवढं सगळं चिनी अक्षरात एका कागदावर हॉटेलच्या रिसेप्शनवर लिहून घ्या. ट्रान्सलेट ॲप ऑफलाइन डाउनलोड केलेलं असलं तरी कागद हवाच.

कधी जायचं? एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. पण १ ते ७ ऑक्टोबर आणि १ मेच्या आसपासचे दिवस पूर्ण टाळा, अख्खा चीन फिरायला बाहेर पडलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये कडक उकाडा आणि शाळांच्या सुट्ट्या. डिसेंबर-जानेवारीत बोचरी थंडी असते पण गर्दी कमी, थंडी सोसत असेल तर तो पर्याय वाईट नाही.

पहिला दिवस: छिन शी ह्वांग

तेराव्या वर्षी गादीवर आलेला, इ.स.पू. २२१ मध्ये सगळी राज्यं जिंकून चीनचा पहिला सम्राट झालेला, आणि इ.स.पू. २१० मध्ये दौऱ्यावर असतानाच वारलेला हा माणूस. कबरीचं काम तो गादीवर आल्यापासूनच सुरू झालं होतं आणि इतिहासकार सिमा छियानने सात लाख माणसं कामाला जुंपल्याचं लिहून ठेवलंय. १९७४ च्या मार्चमध्ये शेतकरी विहीर खणत होते तेव्हा मातीची डोकी लागली, १९७९ मध्ये म्युझियम सुरू झालं, १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं.

तिकीट ऑनलाइन आधीच काढा, साधारण १२० युआन, म्हणजे आपले चौदाशे-पंधराशे रुपये, रोजची संख्या ठरलेली असते त्यामुळे सीझनला ऐनवेळी मिळेलच असं नाही. त्याच एका तिकिटात दोन जागा येतात, एक मातीच्या सैनिकांचे खड्डे आणि दुसरी लिशान गार्डन, म्हणजे जिथं खरी कबर आहे ती टेकडी, साधारण दीड किलोमीटरवर. दोन्हींच्या मध्ये फुकट बस असते. ग्रुप टूरमध्ये बऱ्याचदा दुसरी जागा दाखवतच नाहीत, पैसे मात्र तिचेही भरलेले असतात.

जायचं कसं: मेट्रोच्या ९ नंबर लाइनने 'हुआछिंगची' नावाचं स्टेशन, तिथून बाहेर पडून ६०२ नंबरची बस. किंवा शिआन रेल्वे स्टेशनच्या बाजूने ३०६ नंबरची सरकारी बस, तिला टूरिस्ट बस ५ पण म्हणतात. स्टेशनवर टेराकोटा टेराकोटा ओरडत अंगावर येणाऱ्या माणसांच्या मागे जाऊ नका, त्या गाड्या वाटेत कारखाने, जेडची दुकानं असं फिरवत नेतात आणि अर्धा दिवस तिथंच जातो. गेटजवळ गाइड मिळतात, घ्यायचा तर लायसन्स बघून आणि दुकानात जायचं नाही हे आधीच बोलून घ्या.

सकाळी साडेआठला उघडतं. तेव्हाच पोचलात तर सरळ पहिल्या खड्ड्यात शिरा, गर्दी व्हायच्या आत. उशीर झाला तर उलट करा, तिसरा, मग दुसरा, मग पहिला, म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे. तिसरा खड्डा छोटा, सेनापतींचं ठाणं, ६८ सैनिक. दुसरा बराचसा अजून खणलेलाच नाही आणि लोक तिथून पटकन निघून जातात, पण काचेच्या कपाटात ठेवलेला गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी तिथंच आहे, आणि त्याच्याजवळ थांबायलाच पाहिजे. मागच्या बाजूला जा आणि त्याच्या बुटाचा तळ बघा. तळव्यावर टाके कोरलेत, टाचेला आणि चवड्याला दाट, मधे विरळ, खऱ्या शिवलेल्या बुटाला घसरू नये म्हणून असतात तसे. जमिनीखाली गाडायच्या मूर्तीच्या पायाचा तळ कोण बघणार होतं, पण कुणीतरी बसून एकेक टाका काढला.

पहिला खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. पुढच्या रेलिंगला फोटोसाठी रेटारेटी असते, तिथं दोन मिनिटं काढा आणि उजव्या-डाव्या बाजूने मागे चालत जा. सैनिकांच्या रांगांमध्ये मातीच्या भिंती आहेत, त्यांच्या माथ्यावर लाटांसारखे उंचवटे दिसतील, ते छताच्या लाकडी ओंडक्यांचे ठसे आहेत. छत जळालं, कोसळलं आणि खालची फौज चिरडली गेली, आज उभा दिसणारा जवळजवळ प्रत्येक सैनिक तुकडे जुळवून उभा केलाय. मागच्या टोकाला ते काम चालू असतं, अर्धवट जोडलेले, पट्ट्यांनी बांधलेले सैनिक उभे असतात, मला समोरच्या रांगांपेक्षा ती जागा जास्त आवडते. एकूण ८,००० च्या आसपास असावेत असा अंदाज, त्यातले बरेच अजून मातीतच आहेत आणि ते मुद्दाम, कारण ह्या मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या, लाल, हिरव्या, जांभळ्या, आणि रंगाखालचा झाडाच्या चिकाचा थर बाहेरची कोरडी हवा लागली की काही मिनिटांत वळून सुटायला लागतो.

नंतर बसने लिशान गार्डन. टेकडीवर डाळिंबाची झाडं आहेत, खाली सम्राट आहे, आणि ती कबर आजवर उघडलेली नाही. सिमा छियानने आत पाऱ्याच्या नद्या केल्याचं लिहिलंय आणि टेकडीच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरंच जास्त सापडलंय. काही लोक इथं येऊन म्हणतात बघायला काय आहे, टेकडीच तर आहे. अहो, त्या टेकडीसाठीच तर ती सगळी फौज होती! शिवाय इथंच ब्राँझच्या रथांचं नवं म्युझियम आहे, १९८० मध्ये सापडलेले दोन रथ, खऱ्याच्या निम्म्या आकाराचे, प्रत्येकी चार घोडे, एकेकात तीन हजारांहून जास्त सुटे भाग, मागच्या रथाच्या खिडक्या सरकवता येतील अशा केलेल्या. जवळच कबर बांधणाऱ्या कैद्यांची आणि मजुरांची पुरण्याची जागा सापडली होती, काहींच्या सोबत कौलांच्या तुकड्यांवर त्यांचं नाव-गाव कोरलेलं होतं. खड्ड्यांना तीन तास, गार्डनला दोन, असं धरा.

दुसरा दिवस: हानयांगलिंग

माझ्या मते शिआनमधली सगळ्यात कमी लेखलेली जागा, आणि आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर सगळ्यात सोयीची पण. शहराच्या उत्तरेला एअरपोर्टच्या बाजूला, दीदीने जा, परतीच्या वेळी गाडी मिळायला थोडा वेळ लागतो म्हणून विमान पकडायच्या दिवशी नको.

हा हान सम्राट जिंग, राज्य इ.स.पू. १५७ ते १४१. शेतसारा तिसावा हिस्सा इतका खाली आणणारा राजा म्हणून चिनी इतिहासात त्याचं नाव चांगलं आहे. १९९० मध्ये एअरपोर्टचा रस्ता बांधताना इथले खड्डे सापडले, २००६ मध्ये जमिनीखालचं म्युझियम उघडलं. दारात बुटांवर घालायला पिशव्या देतात, मग अंधारात काचेच्या जमिनीवरून चालायचं आणि पायाखाली खणलेला खड्डा, जसा सापडला तसा. काही जणांना काचेवर भीती वाटते, कडेने पण जाता येतं.

मूर्ती जेमतेम दोन फुटी आणि त्यांना हात नाहीत. आमच्या सासूबाई बराच वेळ वाकून बघत होत्या, मग म्हणाल्या, "अगं, ह्यांचे हात तोडले का कुणी?" म्हटलं, "नाही हो आई, हात लाकडाचे होते आणि अंगावर खरे कपडे होते, दोन्ही कुजून गेलं." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण देवाला वस्त्रं नेसवतो तसंच की." आणि मग पुढच्या खड्ड्यात मातीच्या गाई, डुकरं, शेळ्या, कुत्री ओळीनं बघून त्या इतक्या रमल्या की टेराकोटाला पण एवढ्या रमल्या नव्हत्या. छिनच्या कबरीत पूर्ण उंचीची फौज, इथं अंगण-गोठा-कोठार. सत्तर वर्षांत एवढा फरक. ह्या कबरीच्या खड्ड्यांत चहाच्या कळ्यासुद्धा मिळाल्या, साधारण २१०० वर्षं जुन्या, २०१६ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण साधेपणाची गोष्ट ऐकताना हेही माहीत असू द्यात की जवळच मानेत लोखंडी कडी घातलेल्या कैद्यांचे सांगाडे सापडलेत, हीसुद्धा कबर त्यांच्याकडूनच बांधून घेतली होती.

सकाळी हे, दुपारी शहरात परत येऊन बिग वाइल्ड गूज पॅगोडा करा. ही कबर नाही पण तिसऱ्या दिवसाची तयारी आहे. शाळेत वाचलेला ह्युएनत्संग, जो दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातून फिरून गेला आणि इथली माणसं उपकार न विसरणारी आणि अपमानाचा बदला घेणारी म्हणून लिहून गेला, तो ६४५ मध्ये ग्रंथ घेऊन इथंच चांगआनला परतला. ६५२ मधला हा पॅगोडा त्या ग्रंथांसाठी बांधला. त्याच्या पायथ्याशी दक्षिणेच्या दाराला दोन कोरीव शिळा आहेत, त्यातल्या एकीवरचा मजकूर सम्राट गाओझोंगचा. उद्या ज्याच्या कबरीवर जायचं तोच हा.

जेवणाचं इथंच सांगते. शाकाहारी असाल तर ल्यांगफी मागा, थंड नूडल्स, लाल तिखट आणि व्हिनेगर, बहुतेक वेळा त्यात मांस नसतं, तरी कागद दाखवाच. टोमॅटो-अंड्याच्या नूडल्स सगळीकडे मिळतात. रौजियामो म्हणजे मांस घातलेला पाव, फोटो बघून फसू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाच्या कबरींजवळ खाण्याचे हाल आहेत, त्यामुळे ठेपले, चटणी, दाण्याचे लाडू बॅगेत असू द्यात. पिण्याचं गरम पाणी बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं, थर्मास न्या. टॉयलेटमध्ये कागद नसतो, तो जवळ ठेवा.

तिसरा दिवस: छियानलिंग

शहरापासून साधारण ८० किलोमीटर वायव्येला. तिथपर्यंत जाणारी हायस्पीड लाइन आहे, स्टेशन छियानशियान, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आणि स्टेशनवरून पुढे टॅक्सी करावी लागते. तिघं-चौघं असाल तर सरळ दिवसभराची गाडी ठरवा, हॉटेलमधून ठरवली तर थोडी महाग पडते पण भाषेची कटकट वाचते. ठरवताना चार नावं सांगा: छियानलिंग, राजकन्या योंगतायची कबर, राजपुत्र झांगह्वायची कबर, आणि येताना माओलिंग. नाहीतर ड्रायव्हर मुख्य जागा दाखवून परत फिरतो.

इथं टेकडी रचलेली नाही, अख्खा ल्यांग डोंगरच कबर केलाय. आत दोघं आहेत, ६८३ मध्ये वारलेला गाओझोंग आणि त्याची राणी वू झेतियान, जी त्याच्यानंतर ६९० ते ७०५ स्वतः सम्राट म्हणून गादीवर बसली, चीनच्या इतिहासात अशी एकटीच बाई. ७०६ मध्ये नवऱ्याची कबर उघडून तिला आत ठेवलं. त्यानंतर ही कबर फोडायचे प्रयत्न झाले पण थांग सम्राटांच्या कबरींत हीच एक न लुटलेली राहिली असं मानतात.

खालून सुरू केलं तर पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. गुडघ्याचा त्रास असेल तर गाडी वरच्या पार्किंगला घ्यायला सांगा. पण पायऱ्या संपल्यावरचा सरळ दगडी रस्ता मात्र चालतच जा, दोन्ही बाजूंना पंखवाले घोडे, शहामृग, मग घोडे आणि मोतद्दार, मग तलवारीवर हात टेकून उभे दरबारी. सकाळी ऊन तिरपं असताना दगडावरचं कोरीव काम छान दिसतं, दुपारी सगळं सपाट वाटतं. इथं सावली नाही, टोपी पाहिजेच.

रस्त्याच्या शेवटी दोन शिळा. पश्चिमेकडच्या शिळेवर वू झेतियानने लिहिलेली नवऱ्याची स्तुती. पूर्वेकडची तिची स्वतःची, साडेसात मीटर उंच, आणि तिच्यावर तिच्याबद्दल एक अक्षर नाही. का नाही त्याचे तर्क खूप आहेत, गाइड त्याला आवडेल तो सांगतो. पण जवळ जाऊन बघा, शिळा आज कोरी नाहीये. पुढच्या शतकांत आलेल्या लोकांनी त्यावर मजकूर कोरलेत, त्यात ११३४ मधला खितान (उत्तरेकडच्या जुन्या भटक्या लोकांच्या) लिपीतला एक आहे, आणि ती लिपी वाचायला अभ्यासकांना ह्या दगडाची मदत झाली कारण शेजारी त्याचा चिनी मजकूर पण आहे. त्याच्या पुढे ६१ परदेशी दूतांच्या मूर्ती, हात जोडून ओळीनं उभ्या, जवळजवळ सगळ्यांची डोकी गेलेली. त्यांच्या मागच्या बाजूला जा, काहींच्या पाठीवर नाव आणि देश कोरलेला अजून पुसट दिसतो.

मग योंगताय. ही गाओझोंग आणि वू झेतियानची नात, ७०१ मध्ये सतरा वर्षांची असताना गेली, आजी गेल्यावर बापाने तिला ७०६ मध्ये इथं आणून पुन्हा पुरलं. ही कबर उघडलेली आहे आणि खाली उतरता येतं, लांब उतार, दोन्ही भिंतींवर चित्रं, तळाशी दगडी शवपेटी. गार असतं, पातळ जॅकेट ठेवा, आणि परत चढ असतो हे ज्येष्ठांना आधी सांगा. चोरांनी वरून पाडलेलं भोक उतारावर दिसतं, उत्खननात तिथं एका चोराचा सांगाडासुद्धा सापडला. आतली चित्रं नकला आहेत, मूळ चित्रं काढून शिआनला नेलीत. झांगह्वायच्या कबरीत पोलो खेळणारे घोडेस्वार आणि परदेशी पाहुणे, तीही तशीच.

वेळ असेल तर येताना माओलिंग, सम्राट हान वू, मृत्यू इ.स.पू. ८७. टेकडीपेक्षा शेजारची सेनापती हुओ छूबिंगची कबर बघा, तिथं शत्रूला पायाखाली घेतलेल्या घोड्याचं दगडी शिल्प आहे, धोंड्याचा मूळ आकार फारसा न मोडता काढलेलं. तासाभरात होतं.

शानशी हिस्ट्री म्युझियम चौथ्या दिवशी सकाळी ठेवा, थांग कबरींतली मूळ चित्रं तिथंच आहेत, त्यांच्या दालनाला वेगळं आणि महाग तिकीट आहे पण छियानलिंग बघून आलेल्या माणसाने ते चुकवू नये. नेहमीचा प्रवेश फुकट असल्यामुळे बुकिंग उघडलं की लगेच संपतं, काही दिवस आधीपासून रोज ॲप बघत राहा. सोमवारी ते बंद असतं, त्यामुळे छियानलिंगचा दिवस रविवारी येऊ देऊ नका.